सरपंचाच्या हाती वहीपेन

साल १९६९. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जत्रेत तुम्ही तंबूच्या दाराशी उभे आहात. मागं जनरेटर धडधडतोय. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलंय, त्याचा ओला वास डिझेलच्या वासात मिसळलाय. आत पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला, मधे कनात. गेल्या साली शहरात लागलेला अनंत माने यांचा ‘एक गाव बारा भानगडी’ आता तंबूत आलाय. तुम्ही मांडी घालून बसता. शेजारच्या म्हाताऱ्यानं पटका सोडून गुंडाळून ठेवलाय आणि त्यावर नातवाला बसवलंय, पुढचं दिसावं म्हणून.

तुम्ही आजच्या काळातून आलात, म्हणून निळू फुले तुम्हाला आधीच पाठ आहेत. म्हणजे त्यांच्या नकला पाठ आहेत. ओढून बोललेलं वाक्य, तिरकी मान, अर्धा मिटलेला डोळा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मंडपात, फोनवरच्या व्हिडिओत कुणीही दोन मिनिटांत निळू फुले होतो. इथं मात्र हा माणूस अगदी नवा आहे. त्याचा हा पहिलाच सिनेमा. तंबूतल्या निम्म्या लोकांना त्याचं नावही ठाऊक नाही.

झेले अण्णा पडद्यावर येतो, आणि नकलांनी नेमकं काय गाळलं ते तुम्हाला तिथल्या तिथं कळतं. हा माणूस आवाज चढवत नाही. त्या काळचा खलनायक गरजतो, डोळे वटारतो, मिशीला पीळ देतो. हा आवाज खाली आणतो. समोरच्याला ऐकण्यासाठी पुढं झुकावं लागतं, आणि तो झुकला की अर्धा हरलेला असतो. शब्द संपल्यावर एक क्षण नुसता जातो. त्या क्षणात गावाची सगळी भीती मावलेली आहे, कारण तंबूतल्या प्रत्येकानं असा एक माणूस पाहिलाय. त्या माणसाच्या पायरीशी चप्पल काढून उभं राहण्याची वेळ इथल्या प्रत्येकावर कधी ना कधी आलीय.

कनातीपलीकडून एक बाई मोठ्यानं म्हणते, “मुडदा बशिवला ह्याचा!” कुणी हसत नाही. तिनं गंमत केलेली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

असल्या शिव्या पुढं जन्मभर निळू फुल्यांची पाठ सोडणार नाहीत. गावोगावच्या बाया त्यांना पडद्याबाहेरही तळतळाट देतील, आणि निळूभाऊ ती कामाची पावती समजतील. हे तुम्हाला ठाऊक आहे, त्या बाईला नाही. तिला सांगून उपयोगही नाही की हा माणूस पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करत होता, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला, आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यात त्यानं लोकांना पोट धरून हसवलंय. तिनं जे पाहिलं ते पाहिलं. तिच्या डोळ्यांत हा चेहरा आता एकाच अर्थानं बसलाय. पुढच्या दहा वर्षांत काय घडणार आहे ते समजायचं, तर तिच्या डोळ्यांवर नजर ठेवायला हवी. नटाच्या चेहऱ्याइतकंच ते डोळेही दिग्दर्शकाचं साहित्य असतात.

१९७२ साली तुम्ही मुंबईच्या एका नाट्यगृहात जेमतेम दोन अंक थांबता. विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’, दिग्दर्शक कमलाकर सारंग. निळू फुले सखाराम आहेत: लग्न न मानणारा, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, त्यांना राबवणारा, आणि स्वतःबद्दल एकही खोटं न बोलणारा. बाहेर नाटकावरून रान पेटणार आहे, सेन्सॉरशी भांडण उच्च न्यायालयात जाणार आहे. ते सगळं इतिहासात नोंदलेलं आहे. तुम्ही इथं बघायचंय ते एवढंच, की त्याच खालच्या आवाजातून आज दहशतीसोबत एकटेपणही येतंय, आणि ते लिहिणारा लेखक पुढं दोनदा याच माणसासाठी लिहिणार आहे.

आता १९७५. सिनेमा ‘सामना’. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. दौंडला दवाखाना चालवणारा हा बालरोगतज्ज्ञ ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणून नाव कमावून बसलाय, पण सिनेमा त्याचा हा पहिला. बर्लिनच्या महोत्सवाच्या स्पर्धेत तो जाणार आहे. तुम्ही मधल्या रांगेत जागा घ्या, कारण इथं कोण कुठं बसलंय ते नीट लक्षात ठेवायचंय.

एका खुर्चीत हिंदुराव धोंडे पाटील: साखर कारखान्याचा धनी, परिसराचा अन्नदाता. निळू फुले. समोर एक दारुडा म्हातारा, कुठून आला कुणाला माहीत नाही, सगळे त्याला मास्तर म्हणतात. डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया सोडून हे नाटकात आले, १९७०च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’चे अप्पा बेलवलकर झाले. त्यानंतर १९७२च्या ‘पिंजरा’त सर्वस्व गमावणारा गुरुजी. त्यांचा आवाज म्हणजे लोकांना सत्याचा आवाज वाटतो. ठेचकाळलेल्या, हरलेल्या, तरी खऱ्या माणसाचा.

हिंदुराव मास्तराला घरी आणतो, पाजतो, आपण उभं केलेलं सगळं साम्राज्य फिरवून दाखवतो. त्याला या माणसाची मनापासून गोडी लागलीय. हे तुम्हाला अपेक्षित नव्हतं. झेले अण्णाला माणसं लागत होती ती पायाशी. हिंदुरावाला समोर बसणारा कुणीतरी हवाय. आणि मग मास्तराच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. गावातून नाहीसा झालेला माणूस. मास्तर विचारायला लागतो की त्याचं काय झालं. शुद्धीत विचारतो, नशेत विचारतो. प्रश्न साधा असतो, म्हणूनच हिंदुरावाकडं त्याला उत्तर नसतं.

निळूभाऊंचा चेहरा बघा. धमकीची सवय असलेला माणूस पहिल्यांदा गोंधळलाय. तो खलनायकच आहे, चौकटीबाहेर अजून एक पाऊलही पडलेलं नाही, पण चौकटीला तडा गेलाय. मला वाटतं, चार वर्षांनी आलेल्या ‘सिंहासन’ या सिनेमासाठी निळूभाऊंची निवड इथंच पक्की झाली असावी. जब्बार पटेलांनी या चेहऱ्यावरची हतबलता एकदा जवळून पाहिली. ती पाहिल्यावर तिचा मोह न पडणारा दिग्दर्शक विरळा.

पुढच्या मुक्कामाआधी राज्याकडं एक नजर टाका. आणीबाणी येऊन गेली. १९७८च्या जुलैत वसंतदादा पाटलांचं सरकार त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या शरद पवारांनी पाडलं आणि ते स्वतः मुख्यमंत्री झाले. चहाच्या प्रत्येक टपरीवर कोण फुटला, कुणी कुणाला आतून साथ दिली, याचीच चर्चा आहे. अरुण साधू नावाच्या पत्रकारानं मंत्र्यांच्या केबिनांत आणि बातमीदारांच्या खोल्यांत जे पाहिलं, ते ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांत आधीच लिहून ठेवलंय. तेंडुलकर त्या दोन्हींची एक पटकथा करतात. आणि ज्या मंत्रालयात खरोखर सत्तांतर झालं, तिथंच कॅमेरा लागतो. परवानगी खुद्द मुख्यमंत्री पवारांनी दिलेली.

तुम्ही मंत्रालयाच्या लांब व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहा. फायली बगलेत मारून कारकून जातायत, बाकावर अर्ज घेऊन आलेली माणसं बसलीत. त्यांच्यातून निळू फुले चालत येतात. धोतर नाही, फेटा नाही. साधे शहरी कपडे, थोडा पोक, कुणाच्या लक्षात राहू नये अशी चाल. हा दिगू टिपणीस, राजकीय वार्ताहर. सगळ्यांना ओळखणारा, सगळ्या दारांतून आत जाणारा, आणि आत जे कळतं त्यातलं फार थोडं छापू शकणारा.

ही निवड किती धाडसाची आहे हे आज कळत नाही. आज ‘सिंहासन’ अभिजात म्हणून आपल्या हाती आलाय, दिगू म्हणजे निळूभाऊ हे समीकरण शाळेतल्या पाढ्यासारखं झालंय. म्हणून तर तुम्हाला इतक्या मागं यावं लागलं. १९७९च्या प्रेक्षकाला पाढा शिकवलेला नाही.

त्याच प्रेक्षकासोबत आता थिएटरात बसा. शहर, रात्रीचा खेळ, फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील संपत आलीय, पंखे आवाज करतायत. चित्र कृष्णधवल. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांना निनावी फोन येतो की तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. मुख्यमंत्री कोण, तर अरुण सरनाईक. तुमच्या मागच्या रांगेत चुळबुळ होते, कारण सरनाईक म्हणजे ‘सवाल माझा ऐका’, ‘केला इशारा जाता जाता’. कोल्हापूरचा देखणा गडी, गोड गळ्याचा, तमाशापटांचा नायक. त्याच्या गालावरच्या हसण्यासाठी बाया पुन्हा पुन्हा तिकीट काढत. तो आज हसत नाही. सरनाईकांनी चेहऱ्याचं दारच लावून घेतलंय. कोण आपला, कोण परका, हे हिशेब पापणीआड चाललेत, आणि गाणाऱ्या नायकाची सवय असलेला प्रेक्षक गाण्याची वाट बघत बघत एका धूर्त, थकलेल्या, एकट्या राज्यकर्त्यापर्यंत जाऊन पोचतो.

कट कुणाचा? अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांचा. ते डॉ. लागू आहेत.

आता चार वर्षांपूर्वीच्या खुर्च्या आठवा. तेव्हा सत्तेच्या खुर्चीत निळू फुले होते आणि प्रश्न विचारणारे लागू. तोच दिग्दर्शक, तोच पटकथाकार, तेच दोन नट, आणि जागा बदलल्यात. ज्याच्या तोंडून तुम्ही सत्य ऐकलंत तो आता आमदार मोजतोय, आणि ज्याला तुम्ही शिव्या घातल्या तो वहीपेन घेऊन समोर उभा आहे. एका सिनेमात एका नटाला उलट्या भूमिकेत घालणं पुष्कळांनी केलंय. एकाच जोडीला असं अदलाबदल करून बसवणं, तेही प्रेक्षकांच्या मनात पहिली बैठक ताजी असताना, याला फार मोठा विश्वास लागतो. नटांवर तर लागतोच, पण त्याहून अधिक प्रेक्षकांवर लागतो.

दिगू पहिल्यांदा दिसतो तेव्हा पुढून शिट्टी येते. कुणीतरी म्हणतं, “आला! आता बघा.” आणि तुम्हीही बघू लागता. तो मुख्यमंत्र्यांशी बोलतो, तुम्हाला वाटतं हा आता काहीतरी विकणार. तो दाभाड्यांकडं जातो, तुम्ही पाकीट शोधता. कामगार पुढारी डिकास्टा, म्हणजे सतीश दुभाषी, त्याच्याजवळ मन मोकळं करतो, आणि तुमच्या पोटात गोळा येतो: अरे, याला नको सांगू. मध्यंतरात वडापावच्या गाडीवर दोन बँकवाल्या मंडळींच्या गप्पा रंगतात. एकाचं म्हणणं, सगळ्यांना शेवटी हाच गोत्यात आणणार. दुसरा म्हणतो, “निळू फुले आहे, फुकट असा गप्प बसेल होय?”

बघा, तेंडुलकरांनी न लिहिलेली एक गोष्ट थिएटरात आपोआप तयार झालीय. पटकथेत दिगूवर कुणाचाच संशय नाही. संशय प्रेक्षकांनी घरून आणलाय, दहा वर्षं जपून. दुसऱ्या कुणा सज्जन चेहऱ्याच्या नटाला दिगू दिला असता तर आपण त्याचं बोट धरून निवांत चाललो असतो. निळूभाऊंमुळं आपण त्याच्या मागं दबकत चालतो, त्याची प्रत्येक हालचाल तपासतो. आणि तपासता तपासता कळतं की या सगळ्या गोतावळ्यात निर्मळ असलाच तर हाच एक आहे. तोवर आपल्या लाडक्या नायकानं आणि आपल्या लाडक्या गुरुजींनी आपल्यासमोर सौदे करून टाकलेले असतात. आपली भरवशाची माणसं कोण आणि कशावरून, हा प्रश्न सिनेमा तोंडानं विचारत नाही. तो नटांची निवड करून विचारतो. पवारांनी सरकार पाडल्याला फार काळ उलटलेला नसताना त्या अंधारात बसलेल्या माणसाला तो कुठं जाऊन लागत असेल, याची तुम्ही कल्पना करू शकता, कारण तुम्ही त्याच्या शेजारीच बसला आहात.

आता नटाच्या कामाकडं बघा, कारण खरं नवल तिथं आहे. निळू फुले दिगूसाठी दुसरा माणूस झालेले नाहीत. आवाज तोच खालचा, बोलणं तेच सावकाश, पापण्या त्याच जड. सरपंचाची पापणी माज म्हणून खाली यायची, दिगूची थकव्यानं येते. सरपंच वाक्यानंतर थांबायचा तो समोरच्याला घाम फुटावा म्हणून. दिगू थांबतो, कारण पुढचं बोलून काही उपयोग नाही हे त्याला कळून चुकलंय. अवजारं सगळी जुनीच आहेत. फक्त त्यांचं तोंड आता आतल्या बाजूला वळलंय.

जगाच्या दुसऱ्या टोकाला एका दिग्दर्शकाला हेच उमगलं होतं. निळूभाऊंचा पहिला सिनेमा आला त्याच १९६८ साली सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये अमेरिकेचा लाडका सज्जन नायक हेन्री फोंडा क्रूर मारेकरी झाला. फोंडा डोळ्यांत तपकिरी लेन्स घालून आणि मिशी वाढवून सेटवर आला, तेव्हा लिओनेनं दोन्ही काढायला लावलं. लोकांचे ओळखीचे निळे डोळेच त्याला हवे होते. त्याच डोळ्यांनी एका पोराला मारताना लोकांनी पाहायला हवं होतं. आपल्याकडं ‘उपकार’मध्ये, १९६७ साली, मनोजकुमारनं खलनायक प्राणला चांगुलपणा दिला तो मलंग चाचाच्या कुबडीसकट, वेगळ्या वेशात. तेही काम मोठंच. पण माझं मन लिओनेच्या आणि जब्बार पटेलांच्या वाटेकडं अधिक ओढ घेतं. वेश बदलला की प्रेक्षकाला वाटतं, हा वेगळाच माणूस आहे, आणि तो सुटतो. चेहरा आणि आवाज तोच राहिला की सुटका नाही.

सिनेमा संपत आलाय. बंड विझतं, खुर्ची वाचते, ज्यांनी एकमेकांचे गळे धरले त्यांची तडजोड होते. कामगारांच्या संपाचं, माणसांच्या जिवाचं काय झालं हे विचारायला कुणी उरत नाही. दिगूनं सगळं पाहिलंय. आणि दिगू हसू लागतो. आधी बारीक, घशातल्या घशात. तुम्ही हे हसू ओळखता, तंबूत ते ऐकलंय. तिथं त्या हसण्यानंतर कुणाच्या तरी घरावर संकट यायचं. इथं हसू थांबत नाही. ते वाढतं, फाटतं, त्यातला माणूस निसटून जातो. दिगू टिपणीस वेडा होतो, आणि थिएटरात शिट्टी वाजवणारा मघाचा तो आवाज आता गप्प आहे.

खुर्च्यांचे आवाज होतात, लोक उठतात. बँकवाले दोघं तुमच्या पुढं जिना उतरतायत. मध्यंतरातल्या बोलण्याचा विषय कुणी काढत नाही. पायऱ्या संपता संपता त्यातला एक एवढंच म्हणतो, “निळू फुल्यांना असं कधी बघितलं नव्हतं राव.”

तुम्हाला वाटेल, आता मराठी सिनेमा या माणसाला वेगवेगळी माणसं व्हायला देईल. पुढच्या काही वर्षांवरून भराभर चालत जा. वाडे पुन्हा उभे राहतात, सरपंच परत येतो, पाटील परत येतो, कारखान्याचा चेअरमन येतो. १९८४ साली महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मध्ये अनुपम खेर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा मुंबईतला निवृत्त मराठी हेडमास्तर होतो, आणि त्या सिनेमातला मग्रूर राजकारणी गजानन चित्रे असतात निळू फुले. काम चोखच, पण वाटा कशा वाटल्या गेल्या ते बघा. त्याच वर्षी अरुण सरनाईक अपघातात जातात. जिवाजीराव शिंद्यांच्या पापणीआडचा तो नट अजून कितीतरी करू शकला असता. ही दोन्ही नुकसानं आपली आहेत, आणि पहिलं टाळता येण्यासारखं होतं. लेखक-दिग्दर्शकांनी प्रेक्षकांवर जब्बार पटेलांइतका विश्वास टाकला असता, तर मराठीत दिगूची भावंडं दिसली असती. लोक स्वीकारणार नाहीत, असं म्हणणाऱ्यांना १९७९च्या त्या जिन्यावर नेऊन उभं करायला हवं.

एक मुक्काम राहिलाय. १९८०च्या दशकाची अखेर, तालुक्याच्या गावचं नाट्यगृह, बाहेर पाटी: आचार्य अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’. नावं वाचा. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा. सामन्यातले हिंदुराव आणि मास्तर, सिंहासनातले दाभाडे आणि दिगू, अत्र्यांच्या विनोदावर लोकांना हसवायला गावोगाव फिरतायत. मानधनासाठी नाही. प्रयोगांचा पैसा सामाजिक कृतज्ञता निधीत जातो, आणि त्या निधीतून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळतं. खिडकीवर रांग मोठी आहे. रांगेत साठीची एक बाई उभी आहे, कमरेच्या पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढते, आणि आत कोण काम करतंय हे पक्कं माहीत असूनही पुढच्या रांगेचं तिकीट मागते.